अष्टक पूर्ण आहे, म्हणून?

दहावीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य दरवर्षी हमखास भेटतं. ‘राजवायूंच्या बाह्यतम कवचातील अष्टक पूर्ण असल्यामुळे ते इलेक्ट्रॉन देत नाहीत व घेत नाहीत, म्हणून त्यांचे आयन तयार होत नाहीत.’ पाठ्यपुस्तकाप्रमाणे वाक्य बरोबर आहे. (राजवायू म्हणजे हेलियम, निऑन, आर्गॉन वगैरे; अष्टक म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन; आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून किंवा मिळवून प्रभारित झालेला अणू.) त्याला पूर्ण गुण मिळतात, मीही देते. तरी ते वाचताना चुटपुट लागून राहते, कारण त्यात ‘म्हणून’ आहे, पण कारण नाही. हेलियमच्या कवचात दोन, बाकीच्यांच्या आठ, एवढं सांगून आपण थांबतो. आठ झाल्यावर असं काय होतं, ते सांगायचं राहून जातं.

वर्गात एका मुलीनं नेमका हाच धागा पकडला होता. “मॅडम, पण अणूला कळतं कसं, आपले आठ झाले म्हणून?” बाकीची मुलं हसली. प्रश्न मात्र मर्मावर बोट ठेवणारा होता. अणूला मोजता येत नाही. आठ हा आकडा त्याच्या गावीही नाही. केंद्रकात धन प्रभार आहे, भोवती ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन आहेत, त्यांच्यात ओढ आहे, इलेक्ट्रॉनांची आपसात ढकलाढकल आहे आणि एका कवचात किती जण मावतील यावर निसर्गाचं बंधन आहे. जे काही व्हायचं ते यातूनच व्हायला हवं.

‘समाधानी’, ‘तृप्त’, ‘द्यायला उत्सुक’ ही भाषा मुलांशी बोलताना सोयीची पडते. पण तिच्यामुळे एक समजूत मनात घट्ट बसते, की सोडियमला आपला शेवटचा इलेक्ट्रॉन नकोसा झालेला असतो आणि क्लोरीन दिसला रे दिसला की तो हातावर ठेवून मोकळा होतो. तसं अजिबात नाही. एकट्या सोडियमच्या अणूपासून इलेक्ट्रॉन तोडायला ५.१४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मोजावी लागते. एक व्होल्टच्या फरकातून जाताना इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा मिळते, तेवढी म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट. आकडा छोटा वाटतो, पण आपल्या खोलीतल्या हवेच्या रेणूकडे उष्णतेमुळे असलेली सरासरी गतिज ऊर्जा ०.०४ च्या आसपास असते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा एक कण फार तर तीन-सव्वातीन देऊ शकतो. म्हणजे भर दुपारचं लख्ख ऊनसुद्धा, त्यातला दिसणारा भाग, एकट्या सोडियमच्या अणूचा इलेक्ट्रॉन काढू शकत नाही. आवर्तसारणीतलं एकही मूलद्रव्य असं नाही की जे आपला इलेक्ट्रॉन फुकट सोडतं.

मग मीठ होतं कसं? इथे जमाखर्चच मांडावा लागतो. सोडियमचा इलेक्ट्रॉन सोडवायला ५.१४ खर्च. तो क्लोरीनला मिळाल्यावर ३.६१ परत. म्हणजे अजून दीड इलेक्ट्रॉनव्होल्टची तूटच आहे, व्यवहार आतबट्ट्याचाच आहे. ही तूट भरून निघते ती पुढच्या पायरीला. धन सोडियम आणि ऋण क्लोराइड एकमेकांजवळ येतात, त्यांच्याभोवती आणखी जोड्या रचल्या जातात, मिठाचा स्फटिक उभा राहतो आणि त्या रचनेतून जोडीमागे साधारण आठ इलेक्ट्रॉनव्होल्ट बाहेर पडतात. (धातूतून सोडियमचे अणू सुटे करणं, क्लोरीनचा रेणू फोडणं हे आणखी दोन खर्च आहेत. तेही धरले तरी शेवटी भरपूर शिल्लक उरते.) सोडियमनं दान केलेलं नाही. त्याच्या इलेक्ट्रॉनची किंमत स्फटिकानं चुकती केली, इतकंच.

आता त्याच वहीत सोडियमच्या जागी निऑन लिहून बघा. निऑनचा एक इलेक्ट्रॉन काढायचा खर्च २१.५६. क्लोरीनकडून परत तेच ३.६१. तूट जवळजवळ १८. स्फटिक रचून पुन्हा फार तर आठेक मिळतील असं धरलं, तरी जोडीमागे दहा इलेक्ट्रॉनव्होल्टचा खड्डा उरतो. तो भरून काढणारं कुणीही नाही. निऑन क्लोराइड नावाचं मीठ जगात नाही ते यामुळे. निऑनला इलेक्ट्रॉन द्यायची इच्छा नाही असं म्हणण्यापेक्षा त्याचा इलेक्ट्रॉन घेणं कुणाला परवडत नाही असं म्हटलं, तर आपण खऱ्या गोष्टीच्या बरेच जवळ जातो.

पण २१.५६ का? इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट मला इथेच दिसते.

आवर्तसारणीची दुसरी ओळ घ्या, लिथियमपासून निऑनपर्यंत. पहिला इलेक्ट्रॉन काढायची किंमत, म्हणजे आयनीभवन ऊर्जा, ओळीनं लिहून काढा. लिथियम ५.३९, बेरिलियम ९.३२, बोरॉन ८.३०, कार्बन ११.२६, नायट्रोजन १४.५३, ऑक्सिजन १३.६२, फ्लोरिन १७.४२, निऑन २१.५६. बोरॉनपाशी आणि ऑक्सिजनपाशी पाऊल जरा मागे पडतं, त्यालाही कारणं आहेत, पण एकूण चढ सरळ आहे. आता शेवटची दोन पावलं बघा. ऑक्सिजनपासून फ्लोरिनपर्यंत ३.८ ची वाढ, फ्लोरिनपासून निऑनपर्यंत ४.१४ ची. जवळपास सारखीच. अष्टक ‘पूर्ण’ झाल्याचा काही खास उत्सव या आकड्यांत दिसतो का? मला तरी दिसत नाही. सात इलेक्ट्रॉनांवरून आठांवर जाताना किंमत अचानक उसळी घेत नाही, ती आधीच्याच गतीनं वर जाते. चकित करणारी गोष्ट घडते ती निऑनच्या पुढच्या घरात. सोडियम, ५.१४. कडाच कोसळतो.

म्हणजे प्रश्न उलटा विचारायला हवा. निऑनपाशी काय विशेष घडलं, हे विचारण्याऐवजी निऑननंतर काय बिघडलं, हे विचारायला हवं.

ओळीत एकेक घर पुढे सरकताना केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो आणि बाहेर एक इलेक्ट्रॉन वाढतो. प्रोटॉनची वाढलेली ओढ सगळ्यांनाच जाणवते. नवा इलेक्ट्रॉन मात्र त्याच दुसऱ्या कवचात, आधीच्यांच्या बरोबरीनं राहायला येतो. तो त्यांच्या आणि केंद्रकाच्या मध्ये फारसा येतच नाही, त्यामुळे ओढ अडवायला त्याचा उपयोग थोडाच. परिणामी दर पावलाला प्रत्येक इलेक्ट्रॉन आधीपेक्षा घट्ट धरला जातो आणि सगळा अणू आतल्या आत आवळत जातो. स्लेटर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं १९३० मध्ये यासाठी एक साधा ठोकताळा दिला: एकाच कवचातला शेजारी केंद्रकाच्या प्रभाराचा ०.३५ इतका भाग झाकतो, लगतच्या आतल्या कवचातला ०.८५ आणि त्याहून आतला पूर्ण एक. त्यानं गणित केलं तर लिथियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला तीन प्रोटॉनांपैकी जेमतेम १.३ ची ओढ जाणवते. निऑनच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना दहापैकी ५.८५ ची. ठोकताळाच आहे, पण मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा असा आहे. पाच मिनिटांत होतो आणि ‘अष्टक पूर्ण’ या दोन शब्दांपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो.

आता सोडियम. प्रोटॉन अकरा. पण दुसऱ्या कवचात जागा उरलेली नाही. अकरावा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात, लांब जाऊन बसतो आणि त्याच्या व केंद्रकाच्या मध्ये दहा जण उभे असतात. स्लेटरच्या हिशेबानं त्याच्या वाट्याला २.२ ची ओढ येते. अंतर वाढलं आणि ओढही घटली, म्हणून किंमत एकदम ५.१४ वर आली. निऑनपाशी आठ या आकड्याचं सगळं महत्त्व एवढंच आहे, की तिथे दुसऱ्या कवचातली जागा संपते.

हे एकदा लक्षात आलं की सोडियम एकच इलेक्ट्रॉन का सोडतो, दोन का नाही, हेही उलगडतं. दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा तर तो आतल्या, निऑनसारख्याच रचनेतून काढावा लागेल आणि केंद्रकात प्रोटॉन तर अकरा आहेत. खर्च ४७.२९. मॅग्नेशियमचे पहिले दोन इलेक्ट्रॉन ७.६५ आणि १५.०४ ला सुटतात, तिसऱ्याला ८०.१४ लागतात. म्हणून मॅग्नेशियम दोनवर थांबतो. आपण मुलांना सांगतो की ही मूलद्रव्यं निऑनसारखं व्हायला धडपडतात. कुणीही धडपडत नाही. स्वस्त इलेक्ट्रॉन संपले की व्यवहार थांबतो, आणि तो थांबतो ती जागा निऑनची असते.

घेण्याची बाजूही बघून टाकू, ती सोपी आहे. क्लोरीनला एक इलेक्ट्रॉन मिळतो तेव्हा त्याच कवचात एक जागा रिकामी असते आणि तिथे केंद्रकाची ओढ चांगली पोचत असते. निऑनजवळ एखादा इलेक्ट्रॉन आला तर त्याला तिसऱ्या कवचातच जावं लागेल. तिथून बघितलं तर दहा प्रोटॉनांपुढे दहा इलेक्ट्रॉन उभे, ओढ जवळजवळ शून्य. त्याला धरून ठेवणारं काहीच नाही, आला तसा तो निघून जातो. राजवायूंचे टिकाऊ ऋण आयन मिळत नाहीत ते यामुळे. धन आयनाच्या बाबतीत निदान भाव ठरलेला आहे. भरपूर मोजायची तयारी असेल तर मिळतो. ऋण आयनाच्या बाबतीत विकत घ्यायलाच काही नाही.

या वायूंचा पत्ताही माणसाला किती उशिरा लागला! हवेत जवळपास एक टक्का, नेमका ०.९३ टक्के, आर्गॉन आहे. आपण प्रत्येक श्वासात तो घेतो आणि सोडतो. १७८५ मध्ये कॅव्हेंडिशनं हवेतल्या नायट्रोजनवर विजेच्या ठिणग्या पाडून पाडून तो संपवत आणला, तेव्हा एक इवलासा बुडबुडा काही केल्या उरलाच. त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, की उरलेला भाग मूळच्या एकशेविसाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. पुढची शंभर वर्षं त्या बुडबुड्याकडे कुणी फिरकलं नाही. मग लॉर्ड रेले नायट्रोजनचं वजन करत असताना त्यांच्या लक्षात आलं की हवेतून मिळवलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरतो आणि रासायनिक संयुगांतून मिळवलेला १.२५०५. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसरा कुणी असता तर तराजूला दोष देऊन मोकळा झाला असता. रेले आणि रॅमसे यांनी त्या फरकाचा पाठपुरावा केला आणि १८९४ मध्ये आर्गॉन सापडला. रॅमसेनं त्याचा नमुना पॅरिसला मॉयसाँकडे पाठवला. हाच तो मॉयसाँ, ज्यानं फ्लोरिन पहिल्यांदा वेगळा केला. फ्लोरिनपुढे टिकणारं तेव्हा फार थोडं माहीत होतं. आर्गॉन टिकला.

१८९८ मध्ये रॅमसे आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी काही आठवड्यांत क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन असे तीन वायू शोधले. इथे आपल्याकडचा एक धागा जुळतो. जमशेटजी टाटांच्या विज्ञानसंस्थेची जागा ठरवण्यासाठी सल्ला द्यायला जे रॅमसे भारतात आले आणि ज्यांनी बंगळुरूचं नाव सुचवलं, ते हेच. आणि त्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक कोण? मॉरिस ट्रॅव्हर्स. तीन मूलद्रव्यांच्या शोधात वाटा असलेला माणूस आपल्याकडे संस्था उभारायला आला होता, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

इतकं झाल्यावर ‘यांचे आयन होतच नाहीत’ असा समज पक्का होणं साहजिक होतं. पण आयन होतात, आणि तेही आपल्या आसपास. माझा मामेभाऊ कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो. त्याच्या शेडमध्ये अॅल्युमिनियमचं एक तडकलेलं हाऊसिंग आर्गन वेल्डिंगला आलेलं होतं. (शेडमध्ये आर्गॉन कुणी म्हणत नाही. ‘ह्याला आर्गन मारायचाय’ असंच म्हणतात.) काम सुरू करण्याआधी दादानं पोराला ओरडून सांगितलं, “पंखा बंद कर आधी.” उकाड्यानं जीव नकोसा झालेला, तरी पंखा बंद. टॉर्चच्या तोंडातून मिनिटाला आठ-दहा लिटरनं येणारा आर्गॉन वितळलेल्या धातूवर पांघरला जातो आणि हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन त्याला शिवू देत नाही. वाऱ्याची झुळूक आली की ते पांघरूण सरकतं आणि जोडात बारीक बारीक भोकं पडतात. आर्क (टॉर्च आणि धातू यांच्यामधला विजेचा झगझगीत झोत) बंद केल्यावरही दादा टॉर्च लगेच उचलत नाही. लाल झालेली टंगस्टनची रॉड थंड होईपर्यंत काही सेकंद गॅस चालूच ठेवतो.

इथपर्यंत आर्गॉन पुस्तकातल्यासारखाच वागतो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण तो डोळे दिपवणारा आर्क कशाचा बनलेला आहे? त्याच आर्गॉनचा. टंगस्टनच्या टोकापासून अॅल्युमिनियमपर्यंतच्या त्या बोटभरापेक्षाही कमी अंतरात आर्गॉनचे अणू आयन होतात आणि त्यामुळेच तिथून वीज वाहू शकते. अणूमागे १५.७६ इलेक्ट्रॉनव्होल्ट मोजायला तिथे वेल्डिंग मशीन बसलेलं असतं. सुरुवातीला वायू वीज वाहूच देत नाही, म्हणून मशीन आधी उच्च वारंवारतेची ठिणगी टाकून पहिले काही आयन तयार करतं, मग आर्क पेट घेतो. आर्गॉनऐवजी हेलियम वापरला तर आर्क सुरू व्हायला जास्त कटकट होते आणि त्याच प्रवाहाला व्होल्टेजही जास्त लागतं. अर्थात, हेलियमचा भाव २४.५९ आहे. आयनीभवन ऊर्जेचा तक्ता कधी न पाहिलेल्या कारागिरालाही हा फरक हाताला कळतो.

अॅल्युमिनियमच्या कामात तर आर्गॉनचा आयन प्रत्यक्ष राबतो. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडची पातळ कातडी असते. आतला धातू ६६० अंशांना वितळतो, ही कातडी २००० अंशांच्या वर. ती गेल्याशिवाय धातू धातूत मिसळत नाही. म्हणून अॅल्युमिनियमला एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा वीजप्रवाह, वापरतात. ज्या अर्ध्या आवर्तनात जोडायचा धातू ऋण होतो, त्या वेळी धन प्रभाराचे जड आर्गॉन आयन त्याच्यावर जाऊन आदळतात आणि ती कातडी फुटून निघते. काम झाल्यावर दादानं मला काच काढून जोड दाखवला. टाक्याच्या दोन्ही बाजूंना पांढुरकी, धुरकट किनार होती. “आर्गनानं धुतलंय ते,” तो म्हणाला. आदळल्याबरोबर प्रत्येक आयन धातूतून आपला इलेक्ट्रॉन परत घेतो आणि पुन्हा साधा आर्गॉन होऊन शेडच्या हवेत मिसळतो. रासायनिक संयुग शोधाल तर एकही सापडणार नाही.

म्हणजे वीज असेल तर आयन मिळतो. पण नुसत्या रसायनशास्त्राच्या बळावर, बाटलीत दोन पदार्थ एकत्र करून? त्यासाठी १९६२ साल उजाडावं लागलं. कॅनडात, व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नील बार्टलेट नावाचा तिशीचाही न झालेला रसायनशास्त्रज्ञ प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडवर काम करत होता. हा गडद लाल रंगाची वाफ देणारा पदार्थ इलेक्ट्रॉनचा इतका भुकेला, की त्यानं चक्क ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतला होता. ऑक्सिजन, जो आयुष्यभर इतरांचे इलेक्ट्रॉन घेत आला, तो इथे धन आयन झाला होता. बार्टलेटच्या नजरेला आयनीभवन ऊर्जांचा एक आलेख पडला. ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन काढायला १२.०७. झेनॉनच्या अणूचा काढायला १२.१३. फरक नगण्य. मग ऑक्सिजनला जमलं ते झेनॉनला का जमू नये?

झेनॉन हा प्रश्न विचारायला योग्य वायू का होता, तेही आपल्या हिशेबातच आहे. हेलियम २४.५९, निऑन २१.५६, आर्गॉन १५.७६, क्रिप्टॉन १४.००, झेनॉन १२.१३. खाली जावं तसा अणू मोठा, बाहेरचा इलेक्ट्रॉन लांब, भाव कमी. सगळ्यांची अष्टकं (हेलियमचं द्विक) सारखीच पूर्ण आहेत, तरी हेलियमच्या मानानं झेनॉनची किंमत निम्म्यावर येते. ‘अष्टक पूर्ण’ हेच खरं कारण असतं तर हा उतार दिसलाच नसता. हायड्रोजनच्या अणूला १३.६० लागतात. म्हणजे ज्याला आपण ‘निष्क्रिय’ म्हणतो, त्या झेनॉनचा इलेक्ट्रॉन हायड्रोजनपेक्षा स्वस्त आहे.

२३ मार्च १९६२, संध्याकाळ. एका बाजूला लाल वाफ, दुसऱ्या बाजूला रंगहीन झेनॉन, मध्ये काचेचा पडदा. बार्टलेटनं तो फोडला आणि बघता बघता पिवळसर नारिंगी घन पदार्थ भांड्याच्या भिंतींवर बसला. सांगायला धावत बाहेर आला तर सगळे जेवायला गेलेले. तो पदार्थ त्याला आधी वाटला तितका साधा नव्हता. त्यात एकटा झेनॉन आयन नसून झेनॉन आणि फ्लोरिन जोडून झालेला धन आयन असतो, असं पुढे कळलं. पण दार उघडलं होतं. त्याच वर्षी शिकागोजवळच्या अरगॉन (Argonne) राष्ट्रीय प्रयोगशाळेत झेनॉन आणि फ्लोरिन नुसते एकत्र तापवून झेनॉन टेट्राफ्लोराइडचे स्फटिक मिळाले. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगनं १९३३ मध्येच झेनॉनची अशी संयुगं असावीत असं म्हटलं होतं, त्या वेळचा प्रयोग फसला होता. मधली एकोणतीस वर्षं ‘अष्टक पूर्ण’ या समजुतीनं गिळली, असं मला वाटतं. आलेख सगळ्यांच्या पुस्तकात होता. तो एकानं वाचला.

बार्टलेटच्याही आधी राजवायूच्या एका आयनानं भौतिकशास्त्राला मोठा हात दिला होता. हेलियमचं नाव निघालं की आपल्याकडे विजयदुर्ग आठवतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण म्हणून किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो, तिथले ‘साहेबाचे ओटे’ दाखवून लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाचं नाव सांगतात. लॉकयरनं सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली ती २० ऑक्टोबरला, इंग्लंडमधून आणि ग्रहण नसताना. ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता. त्यानं किल्ल्याचं आणि त्या उत्सवाचं मोल कमी होतं असं मी मानत नाही. ती पिवळी रेषा साध्या, अखंड हेलियमची. पण १८९६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पिकरिंगला एका अतितप्त ताऱ्याच्या वर्णपटात वेगळ्याच रेषा दिसल्या आणि त्या हायड्रोजनच्या असाव्यात असं सगळ्यांना वाटलं. १९१३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरनं सांगितलं, की या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या रेषा आहेत. एकच इलेक्ट्रॉन उरला की हेलियम हायड्रोजनसारखाच वागणार, फक्त केंद्रकाचा प्रभार दुप्पट. मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत पडताळा आला आणि बोरनं मांडलेल्या अणूच्या चित्रावर लोकांचा विश्वास बसायला मोठी मदत झाली.

आणि हेलियमचा सगळ्यात जुना व्यवहार तर विश्वाच्या बाल्यातला आहे. महास्फोटानंतर विश्व इतकं तापलेलं होतं की सगळेच अणू उघडे आयन होते. थंड होत गेलं तसं आधी हेलियमनं आपले दोन्ही इलेक्ट्रॉन पकडले, कारण त्याची पकड सगळ्यात घट्ट. हायड्रोजनला त्यानंतर जमलं. मग कुणाशीही न जुळणाऱ्या हेलियमला एक उघडा प्रोटॉन चिकटला आणि विश्वातला पहिला रेणू तयार झाला, हेलियम हायड्राइड आयन. प्रयोगशाळेत तो १९२५ मध्येच बनवला गेला होता. आकाशात मात्र २०१९ मध्ये सापडला, विमानात बसवलेल्या सोफिया दुर्बिणीला, एनजीसी ७०२७ या तेजोमेघात.

फुग्यात भरतो तो हेलियमही जवळजवळ सगळा आयन म्हणूनच जन्मतो. युरेनियम, थोरियम खडकात फुटतात तेव्हा बाहेर पडणारा अल्फा कण म्हणजे दोन्ही इलेक्ट्रॉन नसलेलं हेलियमचं केंद्रक. रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी पातळ काचेतून अल्फा कण पलीकडच्या निर्वात नळीत साठवून आणि तिथे हेलियमच्या रेषा बघून हे सिद्ध केलं. खडकात धावता धावता तो कण आजूबाजूच्या अणूंचे इलेक्ट्रॉन खेचतो. दोन्ही मिळून ७९ इलेक्ट्रॉनव्होल्टची पकड आहे त्याची, आसपासच्या कुणाचीही एवढी नसते.

आज या आयनांचं सगळ्यात मोठं काम अवकाशात चालतं. २००७ मध्ये निघालेल्या नासाच्या डॉन यानात ४२५ किलो झेनॉन भरलेला होता. सौरऊर्जेवर त्याचे आयन करायचे, विद्युत क्षेत्रानं ते प्रचंड वेगानं मागे फेकायचे आणि यान पुढे सरकवायचं. एवढ्यावर ते वेस्टा या लघुग्रहापर्यंत आणि पुढे सेरेस या बटुग्रहापर्यंत गेलं. फेकलेल्या आयनांच्या झोतात इलेक्ट्रॉनही सोडावे लागतात, नाहीतर यानावरच ऋण प्रभार साठत जातो. इस्रोनं २०१७ मध्ये सोडलेल्या जीसॅट-९ उपग्रहातही झेनॉनवर चालणारी अशी यंत्रणा होती. झेनॉनच का? जड आहे, त्यामुळे प्रत्येक आयन जोराचा धक्का देतो. भांड्यांना, नळ्यांना खात नाही. आणि किरणोत्सारी रेडॉन सोडला तर या कुळात त्याचाच इलेक्ट्रॉन सगळ्यात स्वस्त. पण झेनॉन हवेत अतिशय विरळ, म्हणून बाजारात महाग. हजारो उपग्रह सोडणाऱ्या स्टारलिंकनं म्हणूनच आधी क्रिप्टॉन निवडला आणि २०२३ पासूनच्या नव्या उपग्रहांत आर्गॉन आणला. आयनामागे १२.१३ ऐवजी १५.७६ मोजावे लागतात, पण वीज सूर्याकडून येते आणि आर्गॉन हवेतून हवा तेवढा मिळतो.